उसनी गर्दी

३ सप्टेंबर २०१२ ची संध्याकाळ. लंडनच्या पूर्वेला स्ट्रॅटफर्डमधलं ऑलिम्पिक स्टेडियम खचाखच भरलेलं, सुमारे ऐंशी हजार माणसं. पॅरालिम्पिक स्पर्धा रंगात आली होती आणि पुरुषांच्या टी-३८ गटातल्या चारशे मीटर शर्यतीची पदकं दिली जाणार होती. निवेदकाने पदकं प्रदान करणाऱ्या पाहुण्यांचं नाव पुकारलं, ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न. पडद्यावर त्यांचा चेहरा उमटला आणि अख्ख्या स्टेडियमने हुर्यो उडवली. ऑस्बोर्न हसत राहिले. अशा वेळी दुसरं काय करायचं हे त्यांना सुचलं नसावं, पण ते हसू जगभर पसरलं आणि पुढची कित्येक वर्षं त्यांच्या पाठीला चिकटलं. पाठोपाठ विजेत्यांची पाळी आली, तेव्हा त्याच घशांतून खेळाडूंसाठी जयजयकार निघाला.

त्याच वर्षी मार्चमध्ये ऑस्बोर्न यांनी श्रीमंतांवरचा सर्वोच्च आयकर पन्नास टक्क्यांवरून पंचेचाळीसवर आणायचं जाहीर केलं होतं. त्याच महिन्यात अपंगांच्या भत्त्याची जुनी पद्धत मोडीत काढणारा कायदाही संमत झाला. काम करता न येणाऱ्यांची ‘क्षमता’ तपासण्याचं कंत्राट अ‍ॅटॉस या कंपनीकडे होतं आणि ही कंपनी पॅरालिम्पिकच्या प्रायोजकांपैकी एक होती. म्हणजे एका हाताने भत्ता आखडता घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने अपंग खेळाडूच्या गळ्यात पदक घालायचं, असा तो देखावा झाला. गृहमंत्री थेरेसा मे यांचीही त्याच स्पर्धेत हुर्यो उडाली. मात्र माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन पदक द्यायला आले तेव्हा टाळ्या पडल्या. दोन वर्षांपूर्वीच निवडणूक हरलेल्या माणसाला टाळ्या! तेव्हा ही गर्दी सरसकट सगळ्या राजकारण्यांवर उखडली होती असं म्हणता येत नाही. तिला कुणावर कशासाठी ओरडायचं ते नेमकं ठाऊक होतं.

‘गर्दी’ या विषयावर लिहायचं तर जी गर्दी नेत्याने जमवलेली नसते तिच्याविषयी लिहावं, असं वाटलं. मैदानातली गर्दी खेळाची असते. नेता ती काही मिनिटांपुरती उसनी घेतो. खेळाडूचं यश आणि लोकांचा आनंद यांच्या चौकटीत आपला चेहरा बसवतो. उसनवारीत नकाराचा धोका असतोच आणि हुर्यो हा तो नकार. तिच्यावरून निवडणुकीचा अंदाज बांधू नये. पण ती ऐकू येऊ नये म्हणून सत्ता काय काय करते, हे मात्र बारकाईने पाहावं.

सम्राटाचा सज्जा

हा प्रकार टीव्हीने जन्माला घातला अशी एक समजूत आहे. पण सिसेरोने इसवी सनापूर्वी ५६ मध्ये केलेल्या एका भाषणात सांगून ठेवलंय की रोमन जनतेचं मत तीन ठिकाणी कळतं : सभांमध्ये, मतदानात आणि खेळ-तमाशांच्या जागी. ज्युलियस सीझर खेळ चालू असताना टपाल वाचत बसे आणि ते लोकांना खटके, म्हणून ऑगस्टस मुद्दाम मन लावून खेळ पाही, असं स्युटोनियस नोंदवतो. कॅलिग्युलाला सर्कसमध्ये, म्हणजे रथशर्यतींच्या मैदानात, जमलेल्या लोकांनी कर कमी करण्याची विनवणी केली तेव्हा त्याने ओरडणाऱ्यांवर सैनिक सोडले, असं जोसिफस सांगतो. त्यानंतर लवकरच कॅलिग्युलाचा खून झाला.

कॉन्स्टँटिनोपलच्या हिप्पोड्रोममध्ये ही व्यवस्था पुरती पक्की झालेली दिसते. रथांच्या शर्यती पाहायला सम्राट एका उंच सज्जात बसे आणि त्या सज्जाला राजवाड्यातून थेट वाट होती, म्हणजे प्रजेच्या अंगाला अंग न लावता तिच्यासमोर येता यावं. आजच्या व्हीआयपी गेटचा हा पूर्वज. लोक तालासुरात घोषणा देत आणि त्या घोषणांतच गाऱ्हाणी गुंफत. जानेवारी ५३२ मध्ये निळे आणि हिरवे हे रथशर्यतींतले दोन कट्टर प्रतिस्पर्धी पक्ष फाशीतून वाचलेल्या आपापल्या माणसांना माफी मिळावी म्हणून एक झाले. एरवी रथ हाकणाऱ्यांना उद्देशून होणारी ‘नीका’, म्हणजे ‘जिंक’, ही आरोळी सम्राट जस्टिनियनवर उलटली. शहर पेटलं. सम्राट हातात बायबल घेऊन सज्जात आला, शपथेवर माफी देऊ लागला, पण लोकांनी त्यालाच खोटं ठरवलं. शेवटी बेलिसारियस आणि मुंडस या सेनापतींनी हिप्पोड्रोममध्ये घुसून कत्तल केली. प्रोकोपियस मृतांचा आकडा तीस हजारांहून अधिक देतो.

मैदानातली गर्दी घातक असू शकते, हा आक्षेप इथे हमखास येणार, आणि तो खरा आहे. पण नीका बंडात निम्मं शहर राख झालं ते लोकांनी आरोळ्या दिल्या म्हणून, की गाऱ्हाणं मांडायला दुसरी जागाच उरली नव्हती म्हणून? मला दुसरं कारण जास्त पटतं. जिथे मतपेटी आहे, वर्तमानपत्र आहे, कोर्ट आहे, तिथे स्टेडियममधली हुर्यो हुर्योच राहते. ऑस्बोर्न यांच्यावर साधी बाटलीही कुणी फेकली नाही.

सभेची माणसं, सामन्याची माणसं

आपल्याकडे जाहीर सभा कशी उभी राहते ते प्रत्येक तालुक्याला ठाऊक आहे. कुठल्या गावातून किती गाड्या, याची यादी आधी होते. टेम्पो ठरतात, जेवणाची पाकिटं ठरतात, कुठल्या कार्यकर्त्याने किती माणसं ‘लावायची’ तेही ठरतं. मंडपात मागच्या खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून आधी पुढचा भाग भरतात, कॅमेरा त्या हिशेबानेच उभा केला जातो. प्रवेशद्वारावर काळा रुमाल, काळी ओढणी काढून घेतल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात. या गर्दीत कुणी उठून ओरडलाच, तर तो एकटा पडतो. शेजारचा त्याला गावाच्या नावासकट ओळखतो आणि दोन मिनिटांत तो मंडपाबाहेर असतो.

सामन्याची गर्दी याच्या नेमकी उलट. माणूस स्वतःच्या खिशातून तिकीट काढून आलेला असतो, शेजारचा त्याला ओळखत नसतो आणि ओरडायलाच तो आलेला असतो. दोन तास पंचाच्या नावाने खडे फोडून घसा तापलेला असतो. नेत्याचं नाव पुकारलं गेलं की तोच घसा तिकडे वळतो. शिवाय सभेत माइक नेत्याच्या हाती असतो. मैदानात तो निवेदकाकडे असतो, त्यामुळे उलट उत्तर देण्याची सोय नाही. हसायचं, हात हलवायचा आणि वेळ निघून जाण्याची वाट पाहायची, एवढंच हातात उरतं.

मधला एक प्रकारही आपल्याकडे उदंड आहे. आमदार चषक, नगरसेवक चषक, अमुकतमुक साहेब यांच्या वाढदिवसानिमित्त भव्य टेनिस-बॉल क्रिकेट स्पर्धा. फ्लड लाइट साहेबांचे, बक्षिसाची मोटारसायकल साहेबांची, मैदानाभोवतीचे फ्लेक्सही साहेबांचेच. इथे प्रेक्षक पाहुणा आणि नेता यजमान. यजमानाच्या घरी कुणी हुर्यो उडवत नाही. मोठ्या स्टेडियममध्ये नेता हीच यजमानकी गृहीत धरून येतो, तिथेच त्याची चूक होते.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी ती १९३१ मध्ये केली. महामंदीने देश पिचलेला, दारूबंदी चालूच, आणि हे गृहस्थ फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कमध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सामना पाहायला गेले. लोकांनी त्यांची हुर्यो उडवलीच, वर ‘आम्हाला बिअर हवी’ असा घोष लावला. बेकारीचं दुःख आणि बिअरची मागणी एकाच आरोळीत! पुढच्या वर्षी हूव्हर निवडणूक हरले आणि त्याच्या पुढच्या वर्षी दारूबंदी उठली. २७ ऑक्टोबर २०१९ ला वॉशिंग्टनमध्ये डोनाल्ड ट्रम्प वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्याला आले. सैनिकांच्या सन्मानाच्या वेळी टाळ्या चालू होत्या. पडद्यावर सैनिकांनंतर ट्रम्प दिसले आणि टाळ्यांची जागा हुर्योने घेतली. मग ‘याला आत टाका’ ही घोषणा घुमली. ट्रम्प यांच्या सभांमध्ये हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध दिली जाणारीच ही घोषणा, फक्त ‘हिला’च्या जागी ‘याला’. सभेत शिकवलेली आरोळी मैदानात शिकवणाऱ्यावरच फिरली.

पण ही गर्दी कुणाची?

सगळ्यात वजनदार आक्षेप हा की ही गर्दी जनतेची नव्हेच. वॉशिंग्टन शहराने २०१६ मध्ये ट्रम्प यांना जेमतेम चार टक्के मतं दिली होती, तिथे दुसरं काय होणार? दोनच आठवड्यांनी ते अलाबामातल्या टस्कलूसा इथे फुटबॉल सामन्याला गेले, तर जोरदार स्वागत झालं. ब्राझीलचं उदाहरण आणखी बोचरं आहे. १५ जून २०१३ रोजी ब्राझिलियात कॉन्फेडरेशन्स कपच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांची हुर्यो उडाली, फिफाचे सेप ब्लाटर प्रेक्षकांना शिष्टाचार शिकवायला गेले आणि आवाज आणखी चढला. बसच्या भाड्यात वीस सेंतावोंची वाढ झाली म्हणून सुरू झालेली आंदोलनं त्या आठवड्यात भडकत होती, आणि स्टेडियमवर एवढा पैसा आहे तर शाळा-इस्पितळांवर का नाही, हा प्रश्न रस्त्यावर आला होता. वर्षभराने, १२ जून २०१४ ला, साओ पावलोत विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात प्रेक्षकांनी दिल्मांना अर्वाच्य शिव्या घातल्या. पण ती महागडी तिकिटं घेऊन बसलेले बहुतेक लोक गोरे, सुखवस्तू होते, तर दिल्मांचा मतदार गरीब ईशान्य भागात होता. ऑक्टोबरात त्या पुन्हा निवडून आल्या. त्यांच्या आधीचे लूला यांची तर २००७ मध्ये माराकानावर, पॅन अमेरिकन स्पर्धेच्या उद्घाटनात, इतकी हुर्यो उडाली की स्पर्धा खुली झाल्याची घोषणासुद्धा त्यांनी केली नाही. हेच लूला पुढे ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकप्रियतेसह पायउतार झाले.

म्हणून हुर्योला जनमत चाचणी मानणं चुकीचंच. ऑस्बोर्न यांच्या पक्षानेही २०१५ मध्ये स्पष्ट बहुमत मिळवलं. पण आक्षेप घेणारे यापुढे जाऊन तिची किंमत शून्य ठरवतात, तिथे मी थांबतो. तिची किंमत तिच्यातल्या मजकुरावर ठरवावी. फिलाडेल्फियात मजकूर होता, लंडनमध्ये होता. एप्रिल २०२३ मध्ये फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात तर तो घड्याळाच्या काट्यावर बसवलेला होता. निवृत्तीचं वय बासष्टवरून चौसष्टवर नेणारा कायदा संसदेत मतदान टाळून राज्यघटनेच्या ४९.३ या कलमाखाली रेटला गेला होता, म्हणून कामगार संघटनांनी एकोणपन्नासाव्या मिनिटाला लाल कार्डं उंचावून शिट्ट्या वाजवायचं ठरवलं. साओ पावलोतल्या शिव्यांत असा मजकूर काही नव्हता, होता तो एका बाईबद्दलचा ओंगळपणा. दोन्हींना एकाच मापाने मोजायचं कारण नाही.

आवाज कमी करण्याची कला

फ्रान्सच्या त्या सामन्यात पुढे काय झालं? पोलीस प्रशासनाने स्टेडियमबाहेर संघटनांच्या जमण्यावर बंदी घातली, पॅरिसच्या प्रशासकीय न्यायालयाने ती उठवली, आणि राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी मैदानावर येऊन खेळाडूंशी हस्तांदोलन करण्याची प्रथा मोडून ते आतल्या आतच उरकलं. आवाज चुकवायचा हा सगळ्यात साधा मार्ग : कॅमेऱ्यासमोर कमीत कमी वेळ राहायचं. ब्राझीलचे हंगामी राष्ट्राध्यक्ष मिशेल तेमेर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या उद्घाटनात तो पुरता अवलंबला. त्यांचं नाव पुकारलंच गेलं नाही, त्यांनी काही सेकंदांत स्पर्धा खुली झाल्याचं वाक्य उरकलं, तरी हुर्यो झालीच. समारोपाला ते फिरकले नाहीत. प्रेक्षागारात ‘तेमेर चालते व्हा’चे फलक धरणाऱ्यांना बाहेर काढलं जाऊ लागलं, तेव्हा शांततेने विरोध करू द्या, असं न्यायालयाला सांगावं लागलं.

दुसरा मार्ग प्रक्षेपणाचा. ७ सप्टेंबर २०२५ रोजी न्यू यॉर्कला यूएस ओपनच्या पुरुष अंतिम सामन्याला ट्रम्प येणार होते. अमेरिकन टेनिस संघटनेने वाहिन्यांना आधीच कळवलं की अध्यक्षांच्या उपस्थितीवरच्या प्रतिक्रिया दाखवू नयेत. सुरक्षा तपासणीच्या रांगांमुळे सामना उशिरा सुरू झाला, हजारो प्रेक्षक बाहेरच अडकले. मैदानात हुर्यो आणि टाळ्या दोन्ही झाल्या, आणि प्रत्येक प्रेक्षकाच्या हाती फोन असताना त्या सूचनेचा उपयोग एवढाच झाला की ती स्वतःच बातमी ठरली. स्पेनमध्ये २००९ मध्ये राजाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात बार्सिलोना आणि बिल्बाओच्या समर्थकांनी राष्ट्रगीताच्या वेळी शिट्ट्यांचा गदारोळ केला, तेव्हा सरकारी वाहिनीने नेमका तोच भाग थेट दाखवला नाही. त्यापायी तिच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाला पद गमवावं लागलं.

तिसरा मार्ग सगळ्यात पक्का आणि सगळ्यात घातक : आसनावर कोण बसतं तेच ताब्यात घ्यायचं. हिप्पोड्रोमचं शहर म्हणजे आजचं इस्तंबूल, हा योगायोग सोडवत नाही. जानेवारी २०११ मध्ये गालातासराय क्लबच्या नव्या स्टेडियमच्या उद्घाटनात तुर्कीचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांची हुर्यो उडाली, ते समारंभ सोडून गेले आणि क्लबच्या अध्यक्षांना माफी मागावी लागली. २०१३ च्या सरकारविरोधी गेझी आंदोलनात फुटबॉलचे समर्थक आघाडीवर होते. बेशिक्ताशच्या ‘चार्शी’ गटातल्या लोकांवर सरकार उलथवण्याच्या प्रयत्नाचा खटलाच भरला गेला. २०१४ पासून तिकीट हवं तर ओळख क्रमांकाशी जोडलेलं ‘पासोलिग’ कार्ड सक्तीचं झालं. गर्दीचं सगळं बळ अनोळखीपणात असतं आणि या कार्डाने नेमका तोच काढून घेतला. तरीही फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर फेनरबाह्चे आणि बेशिक्ताशच्या मैदानांत ‘सरकार, राजीनामा द्या’ हे घुमलंच. त्यावर सत्तेतल्या एका मित्रपक्षाच्या नेत्याने सामने प्रेक्षकांविना खेळवा असं सुचवलं.

वानखेडेवर हुर्यो कुणाची होते?

आपली मैदानं काही मुकी नाहीत. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद झाला तेव्हा वानखेडेने आपल्या लाडक्याचीच हुर्यो उडवली. १ एप्रिल २०२४ ला हार्दिक पंड्या मुंबईचा नवा कर्णधार म्हणून नाणेफेकीला आला, तेव्हा एवढा गलका झाला की संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. खेळाडूला न सोडणारा हा प्रेक्षक मंत्र्यांना कसा सोडतो? तो भित्रा आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडे राजकारणी मैदानात पाहुणा म्हणून येतच नाही, तो घरचाच असतो. वानखेडे हे नावच विधानसभेचे अध्यक्ष राहिलेल्या शेषराव वानखेडे यांचं. ब्रेबॉर्नवरच्या जागांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी वाजलं म्हणून त्यांनी हे स्टेडियम उभं केलं. मनोहर जोशी, शरद पवार, विलासराव देशमुख हे सगळे मुंबई क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदी बसले, आणि आता तिथे एका स्टँडला पवारांचं नाव आहे. २००६ च्या चॅम्पियन्स करंडकानंतर ब्रेबॉर्नच्या मंचावर ऑस्ट्रेलियाच्या डेमियन मार्टिनने छायाचित्रासाठी पवारांना हलकेच बाजूला सारलं, तर देशभर संताप उसळला आणि पाँटिंगला माफी मागावी लागली. करंडक जिंकणाऱ्यांच्या फोटोत क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष किती वेळ उभा राहावा, हा साधा प्रश्न त्या संतापात कुणाला पडला नाही.

यात पासांचा हिशेब मिळवा. लोढा समितीच्या शिफारशींनंतर क्रिकेट मंडळाच्या नव्या घटनेने नव्वद टक्के आसनं लोकांना विकायचं बंधन घातलं. ते २०१८ मध्ये अमलात येताच राज्य संघटनांची तारांबळ उडाली, कारण संलग्न क्लब, सरकारी खाती, प्रायोजक आणि ‘वरून’ आलेले फोन या सगळ्यांची सोय मोफत पासांतूनच होत होती. वेस्ट इंडिजविरुद्धचा इंदूरचा सामना याच वादात विशाखापट्टणमला हलवला गेला आणि त्याच मालिकेतला मुंबईचा सामना वानखेडेवरून ब्रेबॉर्नवर गेला. पासवर बसलेला माणूस पास देणाऱ्याची हुर्यो कशाला उडवेल? एर्दोआन यांना ज्यासाठी कार्ड काढावं लागलं, ते काम आपल्याकडे एका फोनवर होतं.

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी भारतात आला तेव्हा ही घडी विस्कटली, कारण त्या कार्यक्रमांना लोकांनी हजारो रुपये मोजले होते. १३ तारखेला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये मेस्सीभोवती मंत्री, अधिकारी आणि सेल्फीबहाद्दरांचं असं कडं पडलं की प्रेक्षकांना तो दिसेना. थोड्याच वेळात तो निघून गेला आणि बाटल्या, खुर्च्या मैदानात आल्या. ममता बॅनर्जींनी जाहीर माफी मागितली, क्रीडामंत्र्यांनी त्या खात्यातून मुक्त करण्याची विनंती केली. खुर्च्या तोडण्याचं समर्थन करता येत नाही, पण तिथे उसनी गर्दी घेणाऱ्यांनी मुद्दलच खाऊन टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर मंचावर सत्काराला आलेल्या सिनेनटांची हुर्यो उडाली. आणि १५ तारखेला दिल्लीत मुख्यमंत्री रेखा गुप्ता मैदानात येताच लोकांनी ‘एक्यूआय, एक्यूआय’ असा घोष धरला. दिल्लीची हवा त्या दिवसांत ‘गंभीर’ श्रेणीत होती. एकही शिवी नाही, एकही बाटली नाही, फक्त हवेच्या निर्देशांकाचं नाव. इतका नेमका मजकूर विधानसभेतल्या भाषणांतही क्वचित सापडतो.

खेळात राजकारण आणू नका, असं अशा वेळी सांगितलं जातं. सांगायचं तर ते आधी मंचाकडे तोंड करून सांगावं, कारण प्रेक्षक आसनावर बसलेला असतो, मैदानात उतरून आलेला असतो तो नेता. खेळाडूचा क्षण हुर्योने डागाळतो, या आक्षेपात मात्र तथ्य आहे. त्यावर उपाय सोपा आहे : पदकं आणि करंडक माजी खेळाडूंच्या हातून द्यावेत. मंत्र्यांना सामना पाहायचा असेल तर त्यांनी जरूर यावं, बसावं, टाळ्या वाजवाव्यात.

आणि एक मागणी आपल्या राज्यापुरती. वानखेडे सरकारी जमिनीवर उभं आहे. मुंबई क्रिकेट संघटनेने प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्याच्या आठवडाभर आधी दोन आकडे आपल्या संकेतस्थळावर टाकावेत : किती आसनं खुल्या विक्रीला ठेवली आणि किती पास कोणकोणत्या खात्यांना, लोकप्रतिनिधींना गेले. पुण्याच्या गहुंजे आणि नागपूरच्या जामठा स्टेडियमलाही हाच नियम लागू करावा.